डोळे मिटून बोलायची भाषा

आमच्या ख्रिस्ती घरांत दोन मराठी असतात. एक चहा मागायची आणि दुसरी देवाकडे मागायची. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, नगरला. दिवसभर त्यांच्या तोंडात जे शब्द असत ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. घरी आले की मला म्हणायचे, "ए, चहा." पुढं नाही, मागं नाही. आणि तेच गृहस्थ, त्याच खुर्चीत, हाताला ऑइलचा तोच वास, संध्याकाळी डोळे मिटले की सुरू व्हायचे, "हे करुणासागरा, सर्वसमर्थ सार्वकालिक पित्या, आम्ही तुझी दीन लेकरे तुझ्या पवित्र चरणांपाशी लीन होऊन आलो आहो." आवाजही बदलायचा. एरवी छातीतून यायचा तो नाकातून यायला लागायचा, आणि प्रत्येक वाक्याचं शेवटचं अक्षर कुणीतरी दोरीनं ओढल्यासारखं लांबायचं. माझ्या वडिलांचंही असंच होतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. फक्त एक वाटायचं. 'कृपा करून' हे दोन शब्द या माणसानं आयुष्यभर एकट्या देवासाठी राखून ठेवले होते, ते एकदा तरी चहाच्या वेळी माझ्या वाट्याला यावेत.

एका नाताळात आमच्या चर्चचे पाळकसाहेब आमच्याकडे जेवायला होते. मटणाचा रस्सा वाढून झाला आणि यजमानांनी जेवणावर प्रार्थना धरली. सूर्यापासून आरंभ केला. मग चंद्र, मग पाऊस, मग शेतकरी, मग ज्यांना आज अन्न नाही ते, मग ज्यांना अन्न आहे पण भूक नाही ते. थाळ्यांतल्या रश्श्यावरचा तवंग पांढरा व्हायला लागला. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडून हळूच थाळीकडे पाहिलं. मला हे कसं कळलं, तर माझाही एक उघडा होता. प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवणारी माणसं जगात किती आहेत, हे तो उघडा ठेवल्याशिवाय कळत नाही.

सासूबाईंचं तर आणखी निराळं. त्यांना मला समोरासमोर काही बोलायचं नसे, त्या देवामार्फत बोलत. "हे प्रभू, या घरातल्या सुनेला प्रातःकाळी लवकर उठण्याची सुबुद्धी व सामर्थ्य दे." आता यावर काय करणार? प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा आमचा नियम. आणि शेवटी सगळ्यांबरोबर आमेन म्हणायचंच. म्हणजे बोलणी खाऊन वर त्यावर सहीसुद्धा आपणच करायची. मीही काही कमी नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी माझी पाळी आली तेव्हा म्हटलं, "हे प्रभू, ज्यांना वृद्धापकाळी पहाटे चारलाच जाग येते, त्यांना तू गाढ निद्रेचे दान दे." सासूबाई आमेन म्हणाल्या, पण दातांतून.

हे सगळं सांगते आहे कारण सिंगापूरला आल्यावर मला वाटलं होतं, सुटले एकदाची त्या जुन्या मराठीतून. यजमान गेल्यावर मुलानं मला इथं आणलं, त्याला नऊ वर्षं झाली. आमचा फ्लॅट बिशानला. मुलगा तांजोंग पगारला एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामात, सून एका दवाखान्याच्या ऑफिसात. नात तेव्हा सहा वर्षांची होती, आता पंधराची आहे आणि माझ्याहून हातभर उंच. घरात मराठी समजतं तिला सगळं, पण उत्तर इंग्रजीत देते. तेही इथल्या इंग्रजीत.

इथं आमचा प्रार्थनेचा एक गट आहे. जवळपासची आठ घरं. दर शनिवारी दुपारी चारला आळीपाळीनं एकेकाकडे जमायचं, गोलात बसायचं, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. शेजारच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, एक चिनी बाई राहतात, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर झाल्यात. त्यांना मी टीचरबाई म्हणते. खाली बाजारात, तिथल्या लिफ्टपाशी, रोज भेट होते. लिफ्ट यायला उशीर झाला की त्या म्हणतात, "अय्यो, धिस लिफ्ट सो स्लो वन. वेट अंटिल माय हेअर ऑल व्हाइट लाह." केस त्यांचे आधीच पांढरे आहेत. अशी बाई. पण शनिवारी डोळे मिटले की, "फादर गॉड, वुई जस्ट वॉन्ट टु थँक यू." लाह गायब. वन गायब. शब्द गोल गोल होऊन बाहेर पडायला लागतात. अमेरिकेला कधी गेलेल्या नाहीत, पण डोळे मिटले की तिथं पोचतात.

माझ्या मुलाला तो 'जस्ट' चिकटला. "लॉर्ड, वुई जस्ट आस्क, दॅट यू विल जस्ट." एकदा मी त्याला विचारलं, "अरे, हा जस्ट काय आहे? तुझ्या वडिलांच्या प्रार्थनेत सर्वसमर्थ होता, तुझ्यात जस्ट आहे."

"असंच असतं आई. त्याला अर्थ नसतो."

पण मला अर्थ कळला. आम्ही देवाला मोठमोठ्या पदव्या देऊन खूश करायचो, ही मंडळी आपली मागणीच लहान करून दाखवतात. फक्त एवढंच हं देवा, जास्त नाही. भाजीवाल्याकडून सगळी भाजी घेऊन झाल्यावर वर जराशी कोथिंबीर मागावी, तसं. आणि मग त्या कोथिंबिरीच्या जागी पोहण्याच्या तलावासकट मोठा फ्लॅट मागायचा.

एकटी माझी नात तेवढी सरळ. आठ वर्षांची असताना जेवणाच्या टेबलावर तिनं प्रार्थना केली, "गॉड आ, टुमॉरो हिंदी स्पेलिंग टेस्ट. हेल्प, कॅन? ओके, आमेन." मुलगा रागावला, म्हणाला, नीट प्रार्थना कर, डिअर हेवनली फादर म्हण. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. मनात म्हटलं, या घरातून आजवर देवाकडे जेवढं गेलं त्यात उत्तर देण्याजोगा प्रश्न हा पहिलाच असेल.

तर याच मे महिन्यातला एक शनिवार. त्या दिवशी पाळी टीचरबाईंकडे होती. त्यांचा सोफा टणक आहे, माझ्या गुडघ्यांना बरा पडतो, म्हणून मी त्यांच्या शेजारीच बसले. माझ्या पलीकडे मुलगा, त्याच्या पलीकडे सून, आणि नात खाली जमिनीवर मांडी घालून. समोर एक तमीळ काका, त्यांची बायको, आणि बाकीची मंडळी. आमच्यात प्रार्थनेआधी कुणाला काय हवंय ते गोळा करतात. कुणाची परीक्षा, कुणाचा मोतीबिंदू. काही जण ते आदल्या दिवशी फोनवरच्या ग्रुपात कळवतात. त्या ग्रुपात मी नाही. "आई, इतके मेसेज येतात, तुला कशाला त्रास," असं म्हणून मुलानं मला घातलंच नव्हतं.

टीचरबाईंनी सुरुवात केली. माझा हात हातात घेतला होता, तशी त्यांची सवयच आहे. मला त्यांचं प्रार्थनेतलं इंग्रजी सगळं कळतं. शाळेत मुलांना डिक्टेशन घालून घालून प्रत्येक शब्द सुटा झालेला आहे. घरच्यांना वाटतं मला इंग्रजी बेताचंच येतं. मीही त्यांचा तो समज मोडला नाही, त्यात माझी बरीच सोय आहे.

मोतीबिंदू झाला, परीक्षा झाली, कुणाची तरी नोकरी झाली. मग त्या म्हणाल्या, "अँड फादर, वुई लिफ्ट अप अवर ब्रदर अँड हिज फॅमिली, लवकरच ते मेलबर्नला जाताहेत." बाकीचंही इंग्रजीतच होतं, मी मराठीत सांगते. मी मनात म्हटलं, कोण बाई हा ब्रदर. आमच्यात सगळेच ब्रदर. एवढ्यात त्या म्हणाल्या, "आणि त्याची प्रिय आई." आणि माझा हात दाबला. त्या खोलीत आई घेऊन बसलेला ब्रदर एकच होता.

मुलगा मोठ्यानं म्हणाला, "आमेन."

आता जे आमच्यातले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. कुणी प्रार्थना करत असेल आणि तुम्ही मध्ये आमेन म्हणालात, तर तो माणूस थांबत नाही. त्याला वाटतं, आपलं म्हणणं यांच्या काळजाला भिडलं. गाणाऱ्याला वाहवा दिल्यासारखं होतं ते. मुलगा लहानपणापासून प्रार्थना ऐकतो आहे, त्याला हे माहीत नाही असं नाही. पण भ्यायलेल्या माणसाच्या तोंडात जे पहिलं येतं ते येतं.

टीचरबाईंना चेव आला. "येस लॉर्ड. तिच्या मायदेशातल्या, तिच्या गावाजवळच्या त्या मिशनच्या होमसाठी आम्ही तुझे आभार मानतो. तिच्याच माणसांत, तिच्याच भाषेत तिचे उरलेले दिवस तू सुखाचे कर."

"आमेन, आमेन," मुलगा म्हणाला. सून खोकली.

"आणि लॉर्ड, तिला तळमजल्यावरचीच खोली मिळू दे, कारण तिचे गुडघे तू जाणतोस."

"आमेन," मुलगा जवळजवळ ओरडलाच.

"आणि आईला सोडून जाताना आमच्या या ब्रदरला तू धीर दे. कारण डिसेंबरपासून हे ओझं तो एकटा वाहतो आहे."

खाली जमिनीवरून नातीचा बारीक आवाज आला, "आलामाक." इथं गोंधळ झाला की असंच म्हणतात. तिला टीचरबाईंची प्रार्थनाही कळत होती आणि मलाही ती कळतेय, हेही आमच्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

मी एक डोळा उघडला. सगळ्यांचे मिटलेले. टीचरबाईंचा चेहरा इतका मायेनं भरलेला की त्यांच्यावर रागावायचीसुद्धा सोय नव्हती. त्यांना वाटत होतं, मला सांगून झालेलं आहे. मी बसले हिशेब लावत. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. नाताळाच्या करंज्या मी केल्या तेव्हा यांना ठाऊक होतं. माझ्या वाढदिवसाला केक कापला तेव्हा ठाऊक होतं. नगरजवळचा तो मिशनचा वृद्धाश्रम मला माहीत आहे. माझी एक नणंद शेवटी तिथंच होती. लोक चांगले आहेत, स्वच्छता आहे. संध्याकाळी सहाला जेवण वाढतात आणि सातला सगळ्यांनी झोपायचं. नणंद मला म्हणाली होती, "वहिनी, इथं सगळं मिळतं. बोलायला तेवढं कुणी नाही, सगळे बहिरे."

टीचरबाईंचं आमेन झालं. गोलात पुढची पाळी माझी.

मी नेहमी मराठीतच प्रार्थना करते. मंडळींना कळत नाही, पण चाल ओळखीची झाली आहे, योग्य जागी येस लॉर्ड म्हणतात. सवयीनं मी आरंभ केला, आणि तोंडातून यजमानांचीच मराठी निघाली. "हे दयाळू, कृपाळू पित्या. तुझ्या या दासीला तू एकच पुत्र दिलास, याबद्दल ती तुझी उपकारस्तुती करिते. त्यास तू उत्तम वाचा दिली. ऑफिसात तो तास तास बोलतो असे ऐकते. परंतु प्रभू, मातेसमोर ही वाचा का बरे बंद पडते, हे तूच जाणतोस."

"येस लॉर्ड," समोरचे तमीळ काका म्हणाले.

"त्याने सात घरांस कळविले, प्रभू. आठव्या घरास कळविले नाही. आणि ते आठवे घर त्याचे स्वतःचेच होते."

"आमेन," टीचरबाई भारावून म्हणाल्या.

"मातेस कोणत्या मजल्यावर ठेवावे याचाही विचार झाला आहे, त्याबद्दल तुझे आभार मानिते."

इथं मुलगा मध्ये बोलला. मध्ये बोलत नाहीत, पण बोलला. डोळे मिटलेले, मान खाली, प्रार्थनेचाच सूर, पण मराठीत. नऊ वर्षांत त्यानं त्या गोलात मराठी काढली नव्हती. "हे प्रभू, आई म्हणते ते खरं आहे. पण आईच रोज संध्याकाळी तुझ्याकडे काय मागते, ते तू ऐकलं आहेस."

मी काय मागते? मला खरंच आठवेना.

"'मला माझ्या गावच्या मातीत परत ने, माझ्या माणसांत माझे डोळे मिटू दे.' नऊ वर्षं, प्रभू. रोज. आणि मी रोज त्यावर आमेन म्हणतो."

माझं तोंड उघडं राहिलं. कारण म्हणत होते मी. रोज म्हणत होते. ते वाक्य सासूबाईंचं. त्या रोज प्रार्थनेच्या शेवटी ते म्हणायच्या, आणि म्हणायच्या कुठं, तर नगरलाच, जिथं जन्मल्या तिथून चार गल्ल्या पलीकडे. परत न्यायला देवाला रिक्षासुद्धा लागली नसती. त्यांच्यामागं ते वाक्य माझ्या तोंडात आलं, साडीच्या काठाला लेस लावावी तसं आमेनच्या आधी लावायचं म्हणून. त्याच्याकडे मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. माझी कुठली माणसं राहिलीत तिथं? आहेत ती बहुतेक सगळी कबरस्तानात. आमच्या तिथल्या घरात भाडेकरू आहेत, ते मला ओळखतसुद्धा नाहीत. आणि हा पोरगा नऊ वर्षं ते खरं धरून बसला होता. मला सांगू शकला नाही, पण माझी प्रार्थना ऐकत मात्र होता. माझ्याच मागणीवर त्यानं मला पाठवायची व्यवस्था केली होती.

माझा सूर सुटला. मी साधंच म्हटलं, "अरे, ते प्रार्थनेतलं बोलणं आहे."

"मग मला कसं कळणार, आई? कुठलं प्रार्थनेतलं आणि कुठलं खरं?"

"येस, फादर," टीचरबाई म्हणाल्या आणि माझा हात थोपटला.

मी डोळे उघडले, तर त्याचेही उघडे. बाकी सगळे मिटून बसलेले. त्या भरल्या खोलीत आम्ही दोघंच एकमेकांकडे बघत होतो. त्याचे डोळे लाल झालेले. मग आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि बोलतच राहिलो, त्याच संथ आवाजात, म्हणजे मंडळींना वाटावं की प्रार्थनाच चालू आहे. खोटं का बोलू, मला त्यात जरा मजाही वाटत होती.

"तिकडे थंडी असते. इथल्यासारखे इमारतीखाली बसायला बाक नाहीत, शेजार नाही. आम्ही तिघं बाहेर गेलो की तू दिवसभर एकटी. तुझं कसं होईल?"

"हे मला डिसेंबरात विचारायचं होतंस."

"तू रडली असतीस."

"रडले असते. मग काय झालं असतं?"

"येस लॉर्ड, येस लॉर्ड," समोरून.

तेवढ्यात सून बोलली. आमची सून पुण्याची, कमी बोलणारी. तिची प्रार्थना म्हणजे दोन वाक्यं आणि आमेन. आमच्यात भांडण नाही, पण फार गोडवाही नाही. ती डोळे मिटूनच म्हणाली, "हे प्रभू, आईंना विचारा, असं मी जानेवारीपासून म्हणते आहे."

"तू कधी म्हणालीस?" मुलगा.

"मनात म्हणत होते. प्रभू, मला तिकडे एकटीला जमायचं नाही. नवी नोकरी, हिची शाळा. आई नसतील तर त्या घरात बोलणार कोण? आम्ही दोघं तर बोलतच नाही."

आमेन, आमेन, सगळी खोली म्हणाली. नऊ वर्षांत माझ्या बडबडीबद्दल या मुलीनं एक शब्द काढला नव्हता, बरा किंवा वाईट. मी समजत होते की तिला तिचा त्रास होतो.

आता कुणीतरी हे संपवायला हवं होतं. मग जमिनीवरून नात म्हणाली, "गॉड, आजी कम विथ अस, कॅन ऑर नॉट?"

हे सगळ्यांना कळलं. आमेन म्हणता म्हणता टीचरबाई थांबल्या. त्यांनी डोळे उघडले, नातीकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या चेहऱ्याकडे, मग मुलाकडे. आणि अमेरिकेहून त्या एका क्षणात बिशानला परत आल्या. "अय्यो. यू नेव्हर टेल हर आ?"

मुलगा म्हणाला, "आय वॉज गोइंग टु."

"गोइंग टु, गोइंग टु. सो बिग ऑलरेडी, स्टिल स्केअर्ड ऑफ युअर मदर." मग माझ्याकडे वळल्या, दोन्ही हातांनी माझा हात धरला, म्हणाल्या, सिस्टर, मला वाटलं तुला माहीत आहे. त्या रडायला लागल्या. आता मला त्यांची समजूत काढावी लागली. त्यांच्या घरचे अननसाचे टार्ट सगळ्यांनी मुकाट खाल्ले. त्या दिवशी पुढच्या पाळ्या झाल्याच नाहीत.

खाली आल्यावर सून म्हणाली, "आम्ही दोघी घरी जातो. तुम्ही बसा." आणि नातीला ओढत घेऊन गेली. आम्ही ब्लॉकखालच्या कॉफी शॉपात बसलो. संध्याकाळचे साडेपाच झाले असतील. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा चिनी माणूस अंडी फोडून बशीत घालत होता. मुलानं दोन कॉफ्या आणल्या, कंडेन्स्ड मिल्कच्या, आणि डोळे उघडे ठेवून सगळं सांगितलं. नोकरी पक्की आहे. त्याला जूनमध्ये जायचं, नातीची परीक्षा आहे म्हणून त्या दोघी वर्षअखेर येणार. माझा इथं राहायचा पास त्याच्या नोकरीमुळे आहे, तो किती दिवस चालेल ते विचारावं लागेल. तिथं आईबापांना कायमचं नेणं म्हणजे वर्षानुवर्षं वाट पाहणं. आधी नुसता पाहुणी म्हणून व्हिसा मागायचा, तोही देतील किंवा देणार नाहीत.

"आणि नाही दिला तर?"

"तर मग पुण्याला हिच्या आईकडे थोडे दिवस. किंवा नगरचे भाडेकरू काढू. मला माहीत नाही, आई. म्हणून तर मी ते होम बघून ठेवलं होतं. काहीतरी पक्कं असावं म्हणून."

त्याला खरंच माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा माणूस, कपाळावर घाम. मला त्याच्या बापाची आठवण झाली. तोही सगळं दयासागराला सांगायचा आणि मला सांगायचा, ए, चहा.

"बरं, तुला काय हवंय ते सांग," तो म्हणाला. "खरं."

सोपा प्रश्न होता. पण काय सांगू तुम्हाला, मला सुरुवातच करता येईना. साठ वर्षं मागण्या केल्या मी. पाऊस मागितला, पोरगा मागितला, यजमानांची किडनी मागितली. पण प्रत्येक वेळी आधी हे दयाळू, हे कृपाळू असं म्हणत म्हणत तोंड तापवून घ्यायची सवय. इथं समोर पोरगा, मध्ये दोन कप, आणि एकदम म्हणायचं, मला हवंय. लाज वाटली. कपाखालची बशी दोनदा फिरवली.

"मला त्या होममध्ये जायचं नाही."

"बरं. आणखी?"

"आणखी काय. तुमच्याबरोबर यायचंय. थंडी वाजली तर वाजली. स्वेटर मिळतात ना तिथं? आणि बाक नसले तर मी दारात खुर्ची टाकून बसेन. कुणीतरी येईलच जाता जाता."

तो हसला. मग नाक पुसलं. मग म्हणाला, "मी प्रार्थना करतो," आणि तिथंच, त्या कॉफी शॉपात, मान खाली घालून डोळे मिटायला लागला.

मी टेबलावर बोटानं टकटक केलं. "डोळे उघड. देवाला काय सांगायचं ते मी बघते. तू अर्ज भर."

"आत्ता?"

"फोनवर भरता येत नाही?"

येत होता. त्यानं टिशूनं टेबल पुसलं, फोन ठेवला आणि एकेक रकाना विचारायला लागला. जन्मतारीख, जन्मगाव. माझं नाव पासपोर्टावर जसं आहे तसं लागतं म्हणून त्यानं ते मला दोनदा म्हणायला लावलं. पोराला आईचं नाव विचारावं लागावं याचा मला राग आला होता, तरी अक्षर न अक्षर सांगितलं. कधी आजारी होतात का, कुठं तुरुंगात होतात का, असलंही विचारतात. मी म्हटलं, "नाही लिही. तुझ्या आजीची प्रार्थना त्यात धरू नकोस."

मग तो थांबला. "विचारतायत, किती दिवस राहायचं आहे."

"तिथं काय काय लिहिता येतं?"

"तीन महिने, सहा महिने, बारा महिने."

"बाराच्या वर नाही?"

"नाही."

"मग बारा लिही," मी म्हटलं. "आणि ती कॉफी पी, गार होतेय."